पिवळी भिंत

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक वयस्क जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि पट्टी नुकतीच सुटली होती.

"अहो, काय चाललंय हे? घडीत हा डोळा झाकताय, घडीत तो."

"अगं, ही समोरची भिंत नव्या डोळ्यानं पांढरी दिसते आणि जुन्यानं पिवळी. अगदी आपल्या हॉलसारखी."

"आपला हॉल पांढराच आहे. दोन वर्षं घसा कोरडा केला मी."

"म्हणजे धाकट्यानं रंग चांगला दिला होता?"

"भाऊजी तीन दिवस शिडीवर होते. आणि हलका माल वापरला असं म्हणत तुम्ही सख्ख्या भावाला दारातून परत पाठवलंत."

"मला पिवळं दिसत होतं ना पण!"

"दिसत होतं हो. ते पिवळं काल डॉक्टरांनी काढलं."

"गंमत बघ. जुन्या डोळ्यानं भिंत बघितली की अजून त्याचा राग येतो."

"आणि नव्यानं?"

"कुणाचाच येत नाही. मग यातला मी कोणता?"

"ते मला नाही कळत. भाऊजींना फोन लावा."

"लावतो. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे आधी."

"तोवर कशाला थांबायचं? तुम्ही नंबर लावा. तो डोळा मी झाकून धरते."