एका बाहीचा स्वेटर

काशीराम : अशी खेचू नको गो. टाको सुयेर सैल बसाक होयो. तू लोकर विणतस काय होडी बांधतस?

चंद्रा : सैल सोडला की सुटतो, घट्ट धरला की दुसरी सुई आत शिरत नाही. तुमचे हात एवढे दांडगे, आणि त्यांत ह्या सुया चालतात कशा, देव जाणे.

काशीराम : ह्याच हातान दोर वळतंय, ह्याच हातान विणतंय. हय दी. बघ. सुलट, सुलट, आता धागो म्होरे हाड, उलट. हां, तशी.

चंद्रा : हळू बोला. पलीकडे गंगूवयनी पडवीत बसल्यात. त्यांनी पाहिलं तर संध्याकाळपर्यंत वाडीभर होईल, चंद्रेचा नवरा बायकांसारखा विणत बसतो म्हणून.

काशीराम : होवंदे. आमच्या जहाजार येवन बघ म्हणा तिका. थंय थंडी पडली काय भले मिशयाळे खलाशी वळीन बसान आपापले पायमोजे विणतत. माका शिकयल्यान तो म्हातारो तर तरुणपणी देवमासे मारूक जाय. असो आडदांड! पण तेच्या बोटांत सुई अशी नाचा काय बघीत ऱ्हवचा.

चंद्रा : त्यांच्याकडे थंडी पडते. आपल्या मालवणात, मे महिन्यात, लोकर! नुसती मांडीवर ठेवली तरी घाम फुटतो मला.

काशीराम : तुका दिवस गेल्याचा माका कळला, तेवा आमी अशाच एका गारठलेल्या बंदरात होतो. माका काय सुचाक नाय. कोणाक सांगू? समोर लोकरीचा दुकान दिसला, आत शिरलंय. दुकानवाली म्हातारी इचारता, पोर केवढा? मी हात पसरून दाखयलंय, एवढा.

चंद्रा : एवढा? तो तर शाळेत जाणारा झाला.

काशीराम : तीसुदा हसाक लागली. मगे तिना आपल्या हातान दाखयल्यान, एवढासा. पावाएवढा. मी थंयच खुळ्यासारखो उभो ऱ्हवलंय. इतक्या न्हान माणसाचा काय काय करूचा लागता, माका काय म्हायती?

चंद्रा : मला तरी कुठे माहीत आहे? आणि परवा तुम्ही निघालात. पावसाआधीची शेवटची आगबोट. मग बंदर बंद ते बंद.

काशीराम : मी काय हौसेन जातंय?

चंद्रा : तसं नाही म्हणत मी.

काशीराम : मगे तोंड कित्या पाडतस? आणि ता पाठीमागे काय सारलंस?

चंद्रा : काही नाही.

काशीराम : चंद्रा.

चंद्रा : हसणार नसाल तर दाखवते. दोन झबली आणि एक टोपरं. तुमचा तो विटका सदरा होता ना, त्यातून काढलीत. शिवण बाहेरून घेतलीय, बाळाला टोचायला नको म्हणून.

काशीराम : अगे, ह्या झाला केवा? माका पत्तो नाय!

चंद्रा : आये पाटी घेऊन बाजारात गेल्या की शिवते. त्यांची यायची वेळ झाली की पेटाऱ्यामागे सारून ठेवते.

काशीराम : कित्या? माझी आवस काय खातली तुका?

चंद्रा : तुम्ही दोन महिने घरात आहात, तुम्हाला दिसत कसं नाही हो? गंगूवयनींची लेक माहेरपणाला आलीय. त्यांच्या अंगणात बघा, दोरीभर दुपटी वाळत असतात. आजी शिवतेय, मावशी शिवतेय. आणि आपल्या घरात एक चिंधी कापली नाही कुणी. मी एकदा धीर करून विचारलं, आये, एखादं जुनं लुगडं आहे का, दुपटं शिवीन म्हणते. तर “मगे बघू” म्हणाल्या आणि उठून चुलीकडे गेल्या. पुन्हा तो विषयच नाही.

काशीराम : आयेची जीभ सुरीसारकी, पण मनान...

चंद्रा : जीभ चालली असती तर बरं होतं. रागावल्या असत्या तरी चाललं असतं. पण माझ्या पोटाकडे त्या बघतसुद्धा नाहीत. माझी आई असती तर मीही लालबागला गेले असते बाळंतपणाला. ती नाही म्हणून ह्यांच्या गळ्यात पडले. ओझं झालंय त्यांना माझं.

काशीराम : खुळी काय गो तू? आयेक ओझा?

आये : काशी! रे काशी! भायर ये, पाटी उतरय. आज बांगडो हातात टिकलो नाय, बाजारात पाय ठेवलंय आणि सपलो. खंय मेलास? दार कित्या लोटलास दिवसाढवळ्या? ... आणि ह्या काय? तुझ्या हातात काय ता?

काशीराम : सुई, आये. विणूची.

आये : शिरा पडली माझ्या नशिबार! झिलाक मी दर्यार धाडलंय, आणि झिल माझो बायलांचा काम शिकान इलो. तुझो बापूस आसतो तर काय म्हणतो?

काशीराम : काय म्हणतो? तो जाळी विणी नाय होतो?

आये : जाळा येगळा. जाळ्यात म्हावरा गावता. ह्येच्यात काय गावतला तुका?

काशीराम : नातू गावतलो. नाय तर नात.

आये : गप ऱ्हव, मेल्या. म्हणे लोकर! पोर काय आंबोलीक जन्माक येवचा आसा? घामोळ्यानी भाजान जायत ता. चंद्रे, तू हसा नको, तूच तेका चढवतस. आणि तुझ्या मांडयेर काय आसा?

चंद्रा : काही नाही, आये.

आये : हय दाखय.

चंद्रा : झबलं आहे.

आये : कोणी शिवल्यान?

चंद्रा : मी.

आये : उसव ता.

चंद्रा : काय म्हणालात?

आये : उसव म्हणतंय. आताच्या आता. ता टोपरा पण. कातर खंय गेली?

काशीराम : आये, काय बोलतस तू? बिचारीन चोरून चोरून...

आये : तू मदी पडू नको! चोरून शिवल्यान म्हणान माका कळला नाय. नायतर पयल्याच दिसाक हातातसून सुई काडून घेतलंय असतंय.

चंद्रा : नाही उसवणार.

काशीराम : चंद्रा...

चंद्रा : नाही, बोलू द्या मला. तुम्ही परवा जाल, मला इथेच राहायचंय. आये, लग्न होऊन आल्यापासून तुम्ही म्हणालात तसं वागले. मासे निवडायला शिकले, तुमची भाषा शिकतेय, कधी उलटून बोलले नाही. पण हे मी उसवणार नाही. तुम्हाला नको असेल हे मूल, तर तसं सांगा. मी माझं बघेन. पण त्याला अंगात घालायला दोन झबली तरी... आये? अहो, बघा ना, आयेंनी चौकट का धरलीय अशी?

आये : काय नाय. उन्हातसून इलंय. पाणी दी.

काशीराम : बस, आये. हय भिंतीक टेकून बस. घे पाणी.

आये : माका नको? ह्या पोर माका नको, असा वाटला तुका?

चंद्रा : मग दुसरं काय वाटणार, आये?

आये : खरा आसा. तुजी काय चूक. कोणी तुका सांगूक नाय. ह्येकासुदा नाय. काशी, तुझ्या आदी एक पोर होता.

काशीराम : कोणाचा?

आये : कोणाचा म्हणजे? माझा. चेडू. तुझी थोरली भैण. घरात मी कोणाक काडूक दिलंय नाय ती गजाल, म्हणान तुझ्या कानार इली नाय.

काशीराम : माका भैण होती?

आये : मी तेवा हिच्यापेक्षा न्हान. पयला पोर, घरात पयलोच पाळणो. दिवस ऱ्हवल्यापासून सुई म्हणान हातातसून खाली ठेवक नाय. झबली शिवलंय, टोपरी शिवलंय, दुपटी तर इतकी काय पेटारो बंद जायना. कुंचीक लाल गोंडे लावलंय. माझी सासू म्हणा, “गो बाय, पोर हातात येवच्या आदी येवढी तयारी करू नये. नजर लागता.” मी हसलंय तिका. म्हातारी, तिका काय कळता!

चंद्रा : मग?

आये : मगे काय. इली. रडली, दूद प्याली, माझा बोट धरल्यान. बारशापतूर ऱ्हवली नाय. पेटारो उघडूची पाळीच इली नाय. जाताना तेवढी मी तिका कुंची घातलंय. बाकीचा सगळा गाठोड्यात बांदलंय आणि दर्याच्या ओहोटीत सोडून दिलंय.

काशीराम : आये गो...

आये : तुझ्या वेळेक मी सुयेक बोट लावलंय नाय. तू झालस तेवा घरात एक टाको घातलेलो नाय होतो. बापाशीच्या जुन्या मुंडाशाच्या फडक्यात गुंडाळलंय तुका. तू ऱ्हवलस. बघ, रेड्यासारको झालस. आता तूच सांग, चंद्रे. माका एक लुगडा फाडूचा जड होता? तू इचारलंस त्या रातीच पेटारो उघडलंय. परत बंद केलंय. परत उघडलंय. माझ्या हाताक धीर झालो नाय. तुझ्या पोटाकडे बघूकसुदा भी वाटा. माझीच नजर लागात तर?

चंद्रा : आये, मला काय ठाऊक हो! मी भलतंच मनात धरून बसले. द्या, ती कातर इकडे द्या. मी उसवते.

आये : थांब.

चंद्रा : नाही, उसवतेच. शिवणकाम काय, नंतरही होईल.

आये : थांब म्हणतंय ना. हय दाखय ता. ... ह्यो टाको तुका कोणी शिकयल्यान?

चंद्रा : शाळेत शिवणाच्या बाई होत्या.

आये : बारीक घालतस. आणि शिवण भायर. माका तेवा सुचला नाय, मी आत घेतलेलंय. ... नको उसवू. उसवलेला कापड पोराच्या आंगार घालू नये. शिवलंस ता शिवलंस. माझ्याकडे दी.

चंद्रा : तुम्ही काय करणार त्याचं?

आये : माझ्या पेटाऱ्यात ठेवतलंय. आजपासून ता मी शिवलंय. कोणी इचारला तर असाच सांगूचा. नजर लागूची तर माका लागांदे. देवाक जाब इचारूचो आसात तर तेणा माका इचारूचो. तुका नाय.

चंद्रा : आये, असं नका बोलू.

आये : रडा नको. पोटातला ऐकता. रडका पोर माका चलूचा नाय.

काशीराम : आणि माझो सुवेटर, आये? मी परवा जातंय. पोर माका बघतला तेवा ता आंगणात धावत आसतला. माका बघून पळतला. माझ्या हाताचा कायतरी तेच्या आंगार...

आये : एक बाही ठेव.

काशीराम : काय?

आये : पुरो करू नको. एक बाही ऱ्हवांदे. अर्द्या वस्तूक कोणाची नजर लागणा नाय. पोर सुखरूप हातात इला काय मगे ही घालीत ती बाही. शिकय तिका नीट. आणि ता दार परत लोटून घे, ती गंगू मान लांब करून बघता कवापासून.

(श्रावण. खोलीत पाळणा. दुसऱ्या दिवशी पोरीचं बारसं.)

चंद्रा : आये, आता पुरे. अंधारून आलंय, डोळ्यांना त्रास होईल.

आये : येवढी कड झाली काय उठतंय.

चंद्रा : सकाळपासून एवढीच कड चाललीय तुमची. दुपटी वाळत घालायला घरात जागा उरली नाही. चुलीवर दोरी बांधलीत, तिथून आमच्या आमटीत गळतंय.

आये : पावसाचे दिस. सुकणा नाय काय, आणि तुझा चेडू मुतता नदीसारक्या. लागतत.

चंद्रा : पण हे हिरवं लुगडं कशाला फाडलंत? लग्नातलं ना तुमच्या?

आये : तेचाच कापड सगळ्यांत मऊ. आता मी ता नेसान खंय मिरवतलंय? तिच्या आंगाखाली बरा. गप बस तू, माका शिवांदे. किती वर्सांचा शिवाप ऱ्हवला हा माझा. तुझी बाही खंयपतूर इली?

चंद्रा : झाली. पण हसायचं नाही.

आये : दाखय. ... अगे बाये माझे! ही दुसऱ्या बाहीच्या दीडपट झाली!

चंद्रा : ह्यांनी मला टाके घालायला शिकवलं. थांबायचं कुठे, ते राहूनच गेलं.

आये : ऱ्हवांदे, दुमडून घालूया. नायतर चेडवाचो तो हात आदी वाढांदे. हस, हस. सुटका झाल्यापासून आज हसलंस तू.

चंद्रा : ह्यांना कळलं असेल का हो?

आये : तार गेली हा. जहाज बंदराक लागला काय कळतला. आणि कळला काय झिल माझो परत लोकरीच्या दुकानात शिरतलो.

चंद्रा : आये, एक विचारू?

आये : इचार.

चंद्रा : उद्या हिच्या कानात सांगायचं नाव अजून ठरलेलं नाही. हे जाताना म्हणाले, आये म्हणेल ते ठेव. तुम्ही... त्या थोरलीसाठी काही नाव मनात धरलं होतं का?

आये : सुई ओवून दी आदी. माका दिसणा नाय.

चंद्रा : ही घ्या.

आये : आवडी.

चंद्रा : आवडी. किती गोड आहे.

आये : आजपतूर तोंडातसून काडूक नाय. घोवाकसुदा सांगलंय नाय.

चंद्रा : मग हेच ठेवूया ना हिचं. आवडी. घरात ते नाव हाक मारताना ऐकू येईल तुम्हाला.

आये : नको.

चंद्रा : अजून भीती वाटते?

आये : भी नाय गो. भी सपली. हिका आपण नवा शोधूया, बरासा. पण ता नको. तिच्याकडे तेवढाच एक आसा.