घोडं वरातीच्या पुढेच होतं

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील आजी-माजी विभागप्रमुख, समोर दाटीवाटीनं बसलेले सहकारी आणि विद्यार्थी, आणि जिला निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो ती माझी वहिनी, म्हणजे तुम्हा सर्वांच्या बाई,

अंगात एप्रन तसाच ठेवून मी व्यासपीठावर आले, त्याचं कारण सांगतेच. खरं तर धीर धरवत नाहीये. नणंदेनं भावजयीचं कौतुक करायचं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवायला हवा. तर मंडळी, आज तो उगवलाय!

बाईंचं काम काय, ते पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. पेशीच्या केंद्रकात जनुकं असतात, पण ती सगळी सदासर्वकाळ चालू नसतात. कुठलं कधी चालू व्हायचं, हे ठरवतं कोण? बाई म्हणतात, केंद्रकाबाहेर एक प्रथिन थांबलेलं असतं. पेशीला संदेश मिळाला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्यावर फॉस्फेट बसवतं. मग ते आत शिरतं आणि जनुक चालू करतं. दुसऱ्या विकरानं फॉस्फेट काढून घेतला की प्रथिन मुकाट बाहेर. एवढासा फॉस्फेट, पण त्याच्यावाचून पान हलत नाही!

मी इथली सूक्ष्मदर्शकवाली, आणि माझं म्हणणं नेमकं उलट. जनुक आधीच चालू होतं, फॉस्फेट म्हणजे वरातीमागून घोडं. बाई माझ्याकडे पेशी वाढवलेल्या दोन ताटल्या पाठवायच्या. एकीतलं प्रथिन जसंच्या तसं, दुसरीतल्या प्रथिनावर फॉस्फेट बसायची जागाच बदललेली. बाईंचं खरं असेल, तर दुसरीतलं बाहेरच राहायला हवं. पण मला संदेश देण्याआधीच दोन्हीकडे प्रथिन आत दिसायचं! हा वाद घरी जेवतानाही चालायचा. दादा बिचारा मान खाली घालून म्हणायचा, "भाजी छान झालीये हं."

परीक्षकांनी बाईंचा शोधनिबंध दरवेळी माझ्याच चित्रांवर बोट ठेवून परत पाठवला. उद्यापासून बाईंची खोलीही दुसऱ्या विभागाची. परवा सामान आवरताना ती म्हणाली, "अगं, तुझंच बरोबर असेल बहुतेक." वाद जिंकले, पण जिंकल्यासारखं वाटेना हो मला.

आणि काल ट्रॉली गेली. कुठे? या सभागृहात खुर्च्या पोचवायला! इतकी वर्षं ताटल्या त्याच ट्रॉलीवरून, गार बोळातून खडखडत यायच्या, आणि आल्या आल्या मी त्या बघायचे. काल ताटल्या परत न्यायला ती नव्हती, म्हणून शेवटच्या तीन जोड्या कालपासून माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या उबदार पेटीतच राहिल्या. सकाळी सहज डोकावले, तर प्रथिन बाहेर. दोन्हीकडे बाहेर! मंडळी, पेशी दचकत होत्या. त्या गारठ्यानं आणि हिसक्यांनी भलत्याच वाटेनं सगळं आधीच सुरू होत होतं. आज शांत बसलेल्या पेशींना संदेश दिला. पहिल्या ताटलीत हिरव्या चमकत्या खुणेचं प्रथिन सरसर केंद्रकात गेलं, आणि त्यानंतर जनुक चालू झाल्याचा लाल ठिपका उमटला. दुसरीत हूं नाही की चूं नाही!

मग सकाळीच का नाही सांगितलं? बाईंचाच नियम आहे, "एकदा दिसलं तर गप्प बस, दोनदा दिसलं तर बोल." दुपारी दुसऱ्या जोडीत पुन्हा तेच पाहिलं. म्हणून आता सर्वांसमक्ष बोलते. वहिनी, घोडं वरातीच्या पुढेच होतं. तुझंच खरं.

अहो, टाळ्या थांबवा, वेळ नाहीये! तिसऱ्या जोडीला संदेश देऊनच मी इथे आलेय. या घटकेला प्रथिन आत शिरत असेल, आणि दुसरं विकर काही माझ्या भाषणासाठी थांबायचं नाही. अध्यक्षमहोदय, आपलं भाषण आम्ही परत आल्यावर मन लावून ऐकू. बोलायची संधी दिलीत, खुर्च्यांसाठी ट्रॉली नेलीत, दोन्हींबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर पदरात घ्या.

ऊठ वहिनी, चल. रडू नकोस गं, भिंगातून नीट दिसायला हवं. आणि दार मात्र हळू उघड.