आत्या चोर नव्हतीच

उत्तर देण्याआधी आजोबा दर वेळी नातीच्या ओठांकडे बघत. कानाच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत शेजारी बसलेल्या एका बाईंच्या हे तिसऱ्या वाक्यालाच लक्षात आलं.

"आजोबा, सिनेमातली ती आत्या चोर नव्हतीच! तीच तर त्या पोरांना हेरगिरी शिकवते."

"कालच कळलं. सिनेमा घरी टीव्हीवर आला, खाली अक्षरं आली, तेव्हा."

"आणि थिएटरातून आल्यावर अख्ख्या गल्लीला काय सांगत सुटलात? आत्याला अटक झाली!"

"शेवटी तिला गाडीत घालून नेतात, मग मला काय वाटणार?"

"तिच्या सत्काराला नेतात!"

"सिनेमाभर कुजबुजतात मेले. जरा मोठ्यानं बोलायला काय जातं त्यांचं?"

"हेर आहेत ते! गच्चीवरून ओरडणार का?"

"बरं बाई, चुकलं. पण आता प्रश्नच मिटला. यापुढे सिनेमे घरीच बघायचे, अक्षरं वाचत. तुझी आई दोन वर्षं उगाच त्या कानाच्या यंत्रासाठी मागे लागलीय."

"पण आजोबा, मी बोलते तेव्हा खाली अक्षरं कुठे येतात?"

तेवढ्यात दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"काय आजोबा, आजही नुसती तपासणीच ना?"

आजोबा ताठ उभे राहिले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"यंत्र बसवा. दोन्ही कानांना!"