सातव्या पुलाचं पान

काकू : नाही म्हणजे नाही. प्लॅस्टिक फाडायचं नाही.

धाकटी : अहो काकू, एकच पान बघायचंय मला. नखाने कोपरा सोडवते, वाचते आणि परत चिकटवून देते.

काकू : आणि मग मी ते कोणाच्या गळ्यात मारू? सीलबंद आहे म्हणून त्याला भाव. एकदा उघडलं की काळं कुत्रं विचारणार नाही. छपाई बंद होऊन वीस वर्षं झाली म्हणतात.

धाकटी : बावीस.

काकू : बघा, माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहिती. मग घेऊन टाका की तिन्ही पुस्तकं.

धाकटी : तिन्ही घेऊन काय करू? एकेक पुस्तक विटेएवढं जड. गुरुवारी मी इथला मुक्काम हलवतेय, कायमचा. दोन बॅगा न्यायच्यात आणि दोन्ही आत्ताच फुटायला आल्यात. मला फक्त मधलं द्या.

काकू : संच फोडत नाही मी. आणि आधी त्या स्टुलावर बसा बघू. सकाळपासून ही तिसरी खेप तुमची. तिन्ही वेळा दारापासून कपाटापर्यंत नुसत्या येरझाऱ्या! माझी फरशी झिजेल.

धाकटी : बसवत नाही हो.

काकू : एवढी घालमेल कसली? खेळाचंच पुस्तक ना ते? खेळण्यांचं एक दुकान बंद झालं, त्यांच्या माळ्यावरून आलाय तो माल. पत्ते गेले, कोडी गेली, हेच तेवढं राहिलं. बाहेरून बघावं तर ना पट, ना सोंगट्या. हा खेळ खेळतात तरी कसा?

धाकटी : बोलून खेळतात. चारपाच जण बसतात, त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, समोर काय आहे. समजा म्हणाला, नदी आहे, पूल आहे, पलीकडे कोणीतरी उभं आहे. आपण प्रत्येकाने एकेका माणसाचं सोंग घेतलेलं असतं. आपण सांगायचं की मी पुढे जाते, मी हाक मारते, मी पळते. मग फासे टाकायचे. जमलं तर जमलं.

काकू : म्हणजे बसल्या जागी गावगप्पा.

धाकटी : तसंच म्हणा. पण त्या गप्पांसाठी आम्ही आठवडाभर रविवारची वाट बघायचो. पहिलं पुस्तक आहे ते खेळाडूंचं, कोणीही वाचावं. तिसरं नकाशांचं. आणि मधलं फक्त सूत्रधाराचं. पुढे काय होणार ते सगळं त्यात. खेळाडूंनी ते उघडायचं नाही. तशी शपथच घ्यावी लागायची.

काकू : आणि तुम्ही पाळलीत?

धाकटी : आजपर्यंत. अठ्ठावीस वर्षं.

काकू : कमाल आहे बाई. माझ्याच्याने पेपरातलं कोड्याचं उत्तर न बघता राहवत नाही. मग आता कशाला मोडताय?

धाकटी : कारण मला एक गोष्ट कळल्याशिवाय इथून पाय निघणार नाही. काकू, नेटवर शोधलं मी. नवी आवृत्ती मिळते, पण त्यातून नेमका सातवा पूल गाळलाय. फार क्रूर आहे म्हणे. जुन्यातच आहे तो. मला त्या पुलाचं पान बघायचंय.

काकू : त्या पुलावर तुमचं काय सांडलंय?

धाकटी : माझी कंदीलवाली.

काकू : कोण?

धाकटी : मी घेतलेलं सोंग. अंधारात सगळ्यांच्या पुढे कंदील घेऊन चालणारी पोर. दोन वर्षं सांभाळली होती मी तिला. एका रविवारी सातव्या पुलावर पोचलो आणि सूत्रधार म्हणाला, पूल मोडतो, कंदील जिच्या हातात आहे ती पडते, संपलं. फासे नाहीत, काही नाही. मी म्हटलं, हे तू मनचं सांगतोयस. तो म्हणाला, पुस्तकात लिहिलंय. आणि पुस्तक मिटलं.

काकू : मग असेल लिहिलेलं.

धाकटी : तेच तर! असेल तर मी अठ्ठावीस वर्षं त्याच्यावर उगाच राग धरला. त्याच संध्याकाळी मी त्याचे सगळे नकाशे उचलले आणि पाण्याच्या टाकीत टाकले. त्याने हाताने काढलेले, रंगवलेले. लगदा झाला सगळ्यांचा. आणि नसेल लिहिलेलं, तर त्याने मला मुद्दाम मारलं.

काकू : तुम्हाला नाही, त्या कंदीलवालीला.

धाकटी : तेरा वर्षांच्या मुलीला तो फरक कळत नाही काकू. खरं सांगू? मला अजूनही कळत नाही.

काकू : बरं, पण मुद्दाम का मारेल तो? काहीतरी घडलं असणार आधी.

धाकटी : घडलं होतं. आदल्या बुधवारी जेवताना माझ्या तोंडून बाबांना कळलं की तो कॉलेजात जातच नाही, दिवसभर वाचनालयात बसून नकाशे काढतो. बाबांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव कॉलेजातून काढलं आणि ओळखीच्या एका कारखान्यात चिकटवून दिलं. आणि मी काय झाले माहितीये? भूमापक. सरकारी नकाशे काढते मी, पगार घेऊन.

काकू : बाबांना? म्हणजे तो सूत्रधार तुमचा...

धाकटी : जाऊ दे. तुम्ही मला सांगा, घेऊ का नको? घेतलं आणि त्यात नसलंच, तर मी काय करू? आणि असलं तर काय करू? दोन्हीकडून माझीच पंचाईत. नकोच ते. नाही, थांबा, ठेवू नका आत.

काकू : अहो, एक काय ते ठरवा! दहादा ते कपाटातून काढलंय मी. आणि आता तुम्हाला एक सांगायलाच हवं. मघाशी तुम्ही गाडी नीट लावायला बाहेर गेलात ना, तेव्हा मी एक फोन केला.

धाकटी : कोणाला?

काकू : या संचावर आणखी एकाचा डोळा आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतात. मधलं पुस्तक उचलतात, मागची बाजू वाचतात, परत ठेवतात. घेत नाहीत. दोन वर्षं चाललंय हे. मी म्हटलं, अहो, घ्या तरी नाहीतर सोडा तरी! तर म्हणाले, दुसरं गिऱ्हाईक आलं तर मला आधी कळवा. मी शब्द दिला होता. दिला शब्द पाळते मी.

धाकटी : दोन वर्षं नुसतं मागचं वाचतात?

काकू : हो ना. आणि तेही चष्म्याशिवाय. चष्मा असतो कपाळावर आणि हे माझं अख्खं टेबल चाचपत बसतात. वर गंमत म्हणजे स्वतः काचा घासतात चष्म्याच्या! मी म्हणते, चष्मेवाले, गावाला डोळे देता आणि तुमचाच चष्मा सापडत नाही? ...अहो, कुठे निघालात?

धाकटी : मला नको ते पुस्तक. मी आले नव्हते असं समजा.

काकू : अहो, पण ते येतच असतील, इथे कोपऱ्यावरच तर आहे त्यांचा...

(दाराची घंटा वाजते.)

दादा : काकू, ते गिऱ्हाईक गेलं नाही ना? ...तू?

धाकटी : मीच ते गिऱ्हाईक.

दादा : अच्छा. ...गुरुवारची गाडी किती वाजता आहे तुझी?

धाकटी : सकाळी. आईचा चष्मा झाला?

दादा : झालाय. संध्याकाळी नेऊन देतो.

धाकटी : बरं.

दादा : बरं.

काकू : थांबा, थांबा. तुम्ही ओळखता एकमेकांना?

धाकटी : भाऊ आहे माझा.

काकू : सख्खा?

दादा : सख्खा.

काकू : आणि हे असं बोलता? बँकेच्या खिडकीवर सुद्धा लोक याहून मायेने बोलतात हो!

दादा : सवय झालीये काकू.

धाकटी : तुझा संच होता ना? मग इथे येऊन काय बघतोस दर महिन्याला?

दादा : विकला मी तो. वेगळं घर थाटलं तेव्हाच.

धाकटी : मला नाही सांगितलंस.

दादा : तू नाही विचारलंस.

धाकटी : आता विचारते. दादा, ते पुस्तकात होतं की नव्हतं?

दादा : होतं.

धाकटी : शपथ?

दादा : शब्द न शब्द पाठ आहे मला. पूल मोडतो. कंदील ज्याच्या हातात असेल, तो पडतो.

धाकटी : म्हणजे... म्हणजे मी तुझे नकाशे उगाच... अरे देवा. अठ्ठावीस वर्षं, दादा! मी मूर्ख आहे. ठार मूर्ख आहे मी. मला वाटलं, तू मुद्दाम...

दादा : थांब. एवढ्यात माफी मागू नकोस. पुढचं ऐक. पान तिथे संपत होतं. खाली लिहिलं होतं, पुढे पाहा. मी नाही पाहिलं.

धाकटी : विसरलास?

दादा : विसरलो असतो तर दोन वर्षं इथे हेलपाटे घातले असते का? पान बोटात धरलेलं होतं मी. उलटायचं तेवढं राहिलं होतं. तू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होतीस. दुसऱ्या दिवशी सोमवार, माझा कारखान्यातला पहिला दिवस. मला वाटलं, पडू दे हिला. आणि मिटलं पुस्तक.

धाकटी : तेरा वर्षांची होते रे मी.

दादा : मी एकोणीसचा होतो. तेव्हा वाटायचं, एकोणीस म्हणजे केवढा मोठा. आता माझ्याकडे एकोणीसची पोरं कामाला येतात, त्यांना साधी काच धरता येत नाही.

धाकटी : आणि पुढे काय होतं त्या पानावर?

दादा : माहीत नाही. कधी उघडलंच नाही परत. न वाचताच विकलं. मग इथे तसाच दुसरा संच दिसला आणि बसलो महिन्याच्या महिन्याला घिरट्या घालत. घ्यावं तर वाचावं लागेल. कोणी दुसऱ्याने नेलं तर कधीच कळणार नाही.

धाकटी : तू मला चहाडखोर समजत होतास ना?

दादा : सोड आता ते.

धाकटी : नाही सोडत. गुरुवारनंतर कोणाला सांगू? मी चहाडी नव्हती केली, दादा. बाबा जेवताना शेजारच्या मुलाचं कौतुक करत होते, त्याला किती मार्क, त्याचं किती नाव. मला इतका राग आला! मी म्हटलं, आमचा दादा त्याच्याहून हुशार आहे. तो वाचनालयात बसून अख्ख्या राज्याचे नकाशे काढतो, रोज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मला वाटलं, बाबा खूश होतील. कॉलेजचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

दादा : कौतुकाने सांगितलंस?

धाकटी : हो!

दादा : हे मला कधी बोलली नाहीस.

धाकटी : तू पुस्तक मिटलंस. मग मी कोणाशी बोलू?

काकू : हे बघा, माझा चहा थंड झाला आणि तुम्हा दोघांचे डोळे गळायला लागलेत. मला एक सांगा, संच घ्यायचा की नाही?

धाकटी : घेते.

दादा : मी घेतो. तुझ्या बॅगेत जागा नाही.

धाकटी : तुला रे काय माहीत माझ्या बॅगेचं?

दादा : आईने सांगितलं. बसून बंद करावी लागली म्हणे.

धाकटी : ते काही नाही, मी आधी आले होते. सकाळपासून तीनदा.

दादा : मी दोन वर्षांपासून येतोय.

धाकटी : येतोयस आणि जातोयस!

काकू : पुरे! आणा इकडे ते. ...हे घ्या. फाडलं.

दादा : काकू! अहो, त्याचा भाव...

काकू : गेला भाव चुलीत. आता ते जुनं पुस्तक झालं आणि जुनी पुस्तकं मी ओळखीच्यांना नुसती वाचायलाही देते. सातवा पूल काढा. सकाळपासून ऐकून ऐकून माझाही जीव टांगणीला लागलाय.

दादा : माझा चष्मा... इथेच कुठेतरी...

धाकटी : कपाळावर आहे, दादा.

दादा : हं. ...सहावा... हा बघ, सातवा. तीच छपाई. पूल मोडतो. कंदील ज्याच्या हातात असेल, तो पडतो. पुढे पाहा.

धाकटी : उलट ना.

दादा : तूच उलट.

धाकटी : मी शपथ घेतलीये. सूत्रधाराचं पुस्तक आहे.

दादा : बरं. ...उलटलं.

काकू : आणि? मोठ्याने वाचा की! इथे तिघं आहोत आपण.

दादा : पडणारा तळाला पोचण्याआधी त्याला एक हाक मारता येईल. ज्याला हाक मारली त्याने हात दिला, तर पडणारा वाचतो. सूत्रधाराने हे विचारल्याखेरीज खेळ थांबवू नये.

धाकटी : एवढंच?

दादा : एवढंच. तीन ओळी. मी त्या तीन ओळी...

काकू : अहो, पुसा ते डोळे. कागद भिजेल.

धाकटी : मग विचार ना.

दादा : काय?

धाकटी : लिहिलंय ना, विचारल्याखेरीज थांबवू नये. आपला खेळ थांबलाय की तिथे. विचार.

दादा : आता? इथे उभ्याउभ्या?

धाकटी : मला गुरुवारी जायचंय, दादा.

दादा : ...सातवा पूल. अंधार आहे. खाली पाणी ऐकू येतंय. पूल मोडलाय आणि कंदीलवाली पडतेय. तिला एक हाक मारता येईल. कोणाला मारतेस?

धाकटी : पुलावर जे होते त्यांच्यापैकीच कोणाला तरी मारायची का?

दादा : तसं काही लिहिलेलं नाही इथे.

धाकटी : दादा.

दादा : हं. धरलाय हात. आता बस जरा त्या स्टुलावर.