जंत बरे की शिंका?

मंगळवारी सकाळी दहाला पाच कमी असताना आमच्या ठकीनं पहिली शिंक दिली, आणि तेव्हापासून आमच्या घरात कोर्ट भरलंय, बघा! आरोपी मीच. गुन्हा काय? पोरीला शाळेत मिळालेली जंताची गोळी दिली!

तुम्हाला सांगते, पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, झोपेत दात खायची... तेव्हा कुणाला घोर नव्हता. गोळी दिली, जंत पडले, पोर मागून मागून जेवायला लागली. पण अंथरूण झटकलं की फटाफट शिंका! सासूबाई म्हणतात, "जंत होते तोवर एक शिंक नव्हती. होते ते काय वाईट होते?" आता सांगा, जंत बरे की शिंका?

गेले दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीणबाई जंताच्या गोळीआधी आणि गोळीनंतर शाळेतल्या पोरांची ॲलर्जीची तपासणी करतात. हातावर पेनानं गोल, गोलात कुठे धुळीच्या, कुठे कशाच्या अर्काचा थेंब, थेंबात टोचणी. गोळीच्या आधी ठकीचा हात अगदी कोरा. आता धुळीच्या गोलात ही एवढी गांध! आणि बाई खूश! "वा, छान उठलीय!" अहो, छान काय? पोरीचा हात आहे तो, भरतकाम नव्हे!

म्हणाल्या, "असं बघा ताई, जंतांना पोटात राहायचं असतं, म्हणून ते अंगातल्या पहारेकऱ्याला गुंगीत ठेवतात. ते गेले की हा जागा होतो, आणि कधीकधी धुळीवरच काठी उगारतो."

म्हणजे अगदी आमच्या ह्यांच्यासारखा! चोर पसार झाला की हे उठणार, आणि मांजराला बडवणार!

"नक्की असंच होतं का हो?"

"कुणाला होतं, कुणाला नाही. तेच तर शोधतोय."

शोधा! माझ्याच पोरीच्या हातावर शोधा! "मग दुसरी गोळी देऊ का नको? जंत बरे की शिंका?"

"गोळी द्या. जंत पोरीचं रक्त पितात. शिंकेवर औषध आहे. धाप लागली तर मात्र तडक घेऊन या."

घरी आले. हातात गोळी, दारात सासूबाई... तेवढ्यात जेवायला बसलेली ठकी म्हणाली, "आई, अजून वाढ ना." संपलं! दिली गोळी.

आता पोर गुटगुटीत झालीय. तुमच्या शेजारणींना सांगा हं, गोळी चुकवू नका म्हणावं. आणि आमच्या कोर्टाचा निकालही सांगा, की बाळसं आलं ते सासूबाईंच्या हातच्या जेवणानं... शिंक आली ती माझ्या गोळीनं!