चार बरोबर उत्तरं

मनकर्णाबाई : आता नीट सांगा ताई. तीस टक्के मंजी पास का नापास?

दमयंती : नापास. चाळीस लागतात.

मनकर्णाबाई : आन त्या पैठण रोडच्या संस्थेत पोरीला कायमची ऱ्हायला खाट?

दमयंती : अपंगत्वाचा कागद नाही, तर खाट नाही. एकच रिकामी आहे. दिवाळीपर्यंत कुणाला देत नाही म्हणाले, तेवढेच त्यांचे उपकार.

मनकर्णाबाई : पन झालं काय तिथं? सकाळी म्याच येनी घातली, इस्त्रीचा ड्रेस चढवला. कशी लक्षुमीवानी गेली पोर.

दमयंती : अन् लक्ष्मीसारखीच बसली डॉक्टरांच्या बोर्डासमोर. डॉक्टरबाईंनी विचारलं, नाव काय? हिनं खणखणीत सांगितलं, स्वरदा श्रीनिवास लासूरकर. राहतेस कुठं? ज्योतीनगर, दुसरा मजला. आईचं नाव? दमयंती. फोन नंबर? दहाच्या दहा आकडे, एकही न चुकता. वर उठताना नमस्कार.

मनकर्णाबाई : अगं माय!

दमयंती : डॉक्टरबाई खूश. मला म्हणाल्या, किती छान नजर देते हो तुमची मुलगी. आणि लिहून टाकलं तसं.

मनकर्णाबाई : नजर? ही कवा कुनाच्या डोळ्यात बगती? अठरा वर्सं झाली मला या घरात, येक डाव बगितलं नाय माझ्याकडं.

दमयंती : डोळ्यांत नाही, कपाळावर बघते. समोरच्याला कळत नाही. मीच शिकवलंय ते. सहा वर्षांची होती तेव्हापासून रोज दुपारी, ह्याच पाटावर. चार प्रश्न, चार उत्तरं. बरोबर आलं की एक शेंगदाणा.

मनकर्णाबाई : ते ठावं हाय. दाने म्याच भाजते की.

दमयंती : शाळेत तीस वर्षं पोरं पास केली मी, मनकर्णाबाई. एवढी पक्की तयारी एकाचीही करून घेतली नव्हती. घ्या आता.

मनकर्णाबाई : पन तुमी सांगायचं की त्यास्नी! म्हनायचं, पान्याच्या दिशी घरी या. आठ दिसांनी नळ येतो, खाली मोटार सुरू व्हती, आन ही हात चावून रगत काढती. मागल्या डावाला मला ढकललं तर दाराची कडी लागली हितं. बगा, वळ गेला नाय अजून.

दमयंती : सांगितलं सगळं. त्या म्हणाल्या, आई, समोर दिसतं तेवढंच लिहावं लागतं. आज पाण्याचा दिवस नव्हता ना.

मनकर्णाबाई : केयूरदादाला केला का फोन?

दमयंती : केला. पुण्याला ने रे म्हटलं बहिणीला. आठ-दहा दिवस ठेवतो म्हणाला.

मनकर्णाबाई : आठ-दहा दिस! पाव्हनी हाय का ती?

दमयंती : दोन खोल्या, दोन लेकरं, त्याची बायको नोकरीला. मी त्याला बोल लावत नाही. पण शेवटी म्हणाला, आई, जन्मभर तूच सांगत आलीस, हा आजार नाही म्हणून. मग संस्था कशाला शोधतेस? ठेवून दिला फोन.

मनकर्णाबाई : येक बोलू? राग नाय ना येनार?

दमयंती : आता रागवायला अंगात बळ कुठंय? बोला.

मनकर्णाबाई : साहेब व्हते तवाच त्यांनी ह्या कागदाचा फारम आनला व्हता. म्या चहा घेऊन आले, तवर तुमी टराटरा फाडला. तुकडे म्याच गोळा केले.

दमयंती : फक्त माझी सही राहिली होती त्याच्यावर. लहान होती, बोलत नव्हती, तेव्हा एका फटक्यात मिळाला असता. पण मी ह्यांना म्हटलं, माझ्या पोरीला रोग नाही, तिच्या मेंदूची घडणच वेगळी आहे, तिच्यावर शिक्का मारू नका. पुढं पालकांच्या सभेत हेच भाषण ठोकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मागच्या रांगेत बसले होते, त्यांनी नाही वाजवल्या.

मनकर्णाबाई : मला बी लई बोलला व्हता तुमी. तिच्यासाठी दोरा आनला म्हनून.

दमयंती : दोरा बांधून बरं व्हायला ते दुखणं नाही. आजही तेच म्हणेन. दुखणं कसं असतं, ते मला आता चांगलं कळतंय. ते माझ्या पोटात आहे. त्याला औषध आहे, त्याची तारीख आहे. हिचं तसं काही नाही. ही अशीच आहे, अशीच राहणार.

मनकर्णाबाई : मंग आजार नाय म्हनायचं, आन आजाराचा कागद मागायचा? माझ्या अडानी डोस्क्यात बसत नाय, ताई.

दमयंती : माझ्या शिकलेल्या डोक्यात तरी कुठं बसतंय? वेगळी आहे म्हटलं की लोक म्हणतात, मग राहू द्या तशीच, आम्ही काय करावं? आजारी म्हटलं तर निदान खाट मिळते. मधल्या माणसाला जागाच ठेवलेली नाही कुणी.

मनकर्णाबाई : म्या नेली असती आमच्या चितेगावला. पन सून मलाच भाकर मोजून वाढती.

दमयंती : ठाऊक आहे मला. तुमच्याकडून कसली अपेक्षा धरू? साठी उलटली तुमची.

मनकर्णाबाई : डाक्टर काय म्हनले तुमचं?

दमयंती : दिवाळी दिसेल म्हणाले. पुढचं विचारलं तर फाइल चाळायला लागले.

(मनकर्णाबाई डोळ्यांना पदर लावते.)

दमयंती : रडू नका, ती बघतेय. हे ऐका. बोर्डापुढं अजून एकदा नेता येतं. दोन महिन्यांनी, दिवाळीच्या आधीची तारीख दिलीय. तोवर दाणे जरा जास्त भाजून ठेवा.

मनकर्णाबाई : दाने? ते कशाला?

दमयंती : अभ्यास घ्यायचाय. स्वरदा, ये बाळा. बस.

(दमयंती पाट मांडते. स्वरदा सवयीनं समोर येऊन बसते. मधे शेंगदाण्यांची वाटी.)

दमयंती : तुझं नाव काय?

स्वरदा : माझं नाव स्वरदा श्रीनिवास लासूरकर.

दमयंती : नाही. आता सांगायचं नाही. गप्प बसायचं. तुझं नाव काय?

स्वरदा : माझं नाव स्वरदा श्रीनिवास लासूरकर. शेंगदाणा.

दमयंती : नाही मिळणार. चुकलं.

स्वरदा : बरोबर आलं. स्वरदा श्रीनिवास लासूरकर. शेंगदाणा दे. बरोबर आलं.

मनकर्णाबाई : ताई, द्या की वो. खरंच सांगितलं तिनं.

दमयंती : मधे बोलू नका! तिला पहिलं "आई" म्हणायला तीन वर्षं लागली, ह्या वाक्याला चार. मला कळत नाही का मी काय करतेय? स्वरदा, इकडं. कपाळाकडं नाही बघायचं. खाली बघ. माझ्या हाताकडं. हां. गप्प बसलीस की दोन शेंगदाणे. दोन. कळलं?

स्वरदा : दोन.

दमयंती : हो. गप्प बसलं की दोन. आईचं नाव काय?

स्वरदा : माझ्या आईचं नाव दमयंती...

दमयंती : शूऽऽ. पुन्हा. आईचं नाव काय?

स्वरदा : माझ्या आईचं...

दमयंती : शूऽऽ. खाली बघ. दोन शेंगदाणे. आईचं नाव काय, स्वरदा?

स्वरदा : ...

दमयंती : आईचं नाव काय?

स्वरदा : ...

मनकर्णाबाई : गप हाय, ताई. वर बी बगना.

दमयंती : हो.

मनकर्णाबाई : मंग द्या की तिचे दोन दाने. कवाची हात पुढं करून बसली पोर.