तेलच तर घालायचं होतं!

नाही, मला सांगा, तेलच तर घालायचं होतं ना? मग त्या दुकानदाराने माझी तोंडी परीक्षा का घ्यावी? तुम्हाला सांगतो, आमच्या घरात ट्रॅक्टर चालवते ती बायको. मी नुसता बसतो, तेही मडगार्डवर, जीव मुठीत धरून! ती माहेरी गेलेली, इकडे नांगर उचलायची लिफ्ट रेंगाळायला लागलेली, म्हटलं तेल जुनं झालंय, आपणच बदलून टाकू, आल्यावर बघत राहील... हौस हो, दुसरं काय!

तर तो दुकानदार चष्मा कपाळावर सरकवून विचारतो, "ब्रेक तेलातले की कोरडे?" आता ब्रेक तेलात कशाला असतील? तळायचेत का? बायकोला फोन करावा, तर मागे गिऱ्हाइकं उभी, आणि मघाशीच "चालवतं कोण?" याला मी छाती काढून "मीच!" म्हणून बसलेलो. ठोकून दिलं, कोरडे! त्याने त्या हिशेबाने डबा दिला. घरी येऊन जुनं तेल काढलं, नवं भरलं, आणि लिफ्ट अशी झर्रकन वर... तेलच तर घालायचं होतं!

संध्याकाळी ती आली. कौतुकाने ट्रॅक्टर फिरवायला नेला, कोपऱ्यावर ब्रेक दाबला आणि... अहो, असा किंचाळला, अख्खी गल्ली दारात! शेजारच्या काकू विचारतात, कुणाला लागलं का रे?

ती ओरडली असती तर परवडलं असतं. तिने शांतपणे डबा वाचला आणि सांगितलं, की आपल्या ट्रॅक्टरला गिअर, लिफ्ट, ब्रेक, सगळ्यांत मिळून एकच तेल, ब्रेकही त्यातच बुडालेले, आणि हे नुसतं लिफ्टपुरतं, याने ब्रेकची वाट लागेल. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी एका नव्या गिऱ्हाइकाला नांगरणीचा शब्द दिलेला! "मला विचारलं असतं, तर काय कमीपणा आला असता?" एवढंच म्हणाली. माझं तोंड एवढंसं झालं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं मला.

दुकान बंद व्हायच्या आत तिने मला स्कूटरवर मागे बसवून नेलं. दुकानदार मला म्हणतो, "या साहेब! पुन्हा कसे?"

ती म्हणाली, "ट्रॅक्टर मी चालवते. तो माझा आणि हेही माझेच. दोघांना काय लागतं, ते मला विचारत जा."

योग्य तेल घेतलं, चुकीचं काढून भरलं, सकाळी नांगर वेळेवर शेतात! तेलच तर... जाऊ द्या. पण तो दुकानदार फार आज्ञाधारक निघाला हो! आता मी नुसता टेकलो तरी चहा सांगायच्या आधी तिला फोन लावतो... "ताई, साहेब आलेत. साखर घालू का?"